गाणे जतन करावे, पण नावानिशी



आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटाच्या तळच्या कप्प्यात किंवा माळ्यावरच्या एखाद्या खोक्यात सीडींची एक चळत पडून असेल. तिच्यात कोणाच्या आजोबांनी हौसेने घेतलेले शास्त्रीय गायन असेल, कोणाच्या आईची भावगीते असतील, कोणाच्या काकांची नाट्यपदे असतील. ज्या यंत्रावर ती वाजत, ते यंत्र बहुधा बिघडले आहे. आणि आजच्या बहुतेक नव्या संगणकांना सीडी घालावयाची जागाच उरलेली नाही. अशा स्थितीत 'या चळतीचे आता करावयाचे काय?' हा प्रश्न दिवाळीच्या साफसफाईत घरोघरी एकदा तरी निघतो. कोणी म्हणतो, भंगारात द्या, सगळे मोबाइलवर मिळते. कोणी म्हणतो, संगणकावर उतरवून घ्या आणि मोकळे व्हा. माझ्या मते यांपैकी पहिले उत्तर चुकीचे आहे आणि दुसरे अर्धेच बरोबर आहे. गाणे उतरवून घेण्याचे काम यंत्र करते. त्या गाण्याला त्याचे नाव लावण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते. ते केले नाही, तर जतन केलेल्या गाण्यांचा नुसता ढीग होतो.

ही गोष्ट मी कोठे वाचून सांगत नाही; चूक करून शिकलो आहे.

आमच्या इंदूरच्या घरी वडिलांनी जमविलेल्या १६८ सीडी होत्या. २०११ च्या दिवाळीच्या सुटीत मी त्या सर्व संगणकावर उतरविल्या. रोज दहा-बारा सीडी घालावयाच्या आणि काढावयाच्या, असा कारखानाच मी चालविला. जागा वाचावी म्हणून फाइली लहानांत लहान केल्या. काम संपल्यावर प्लॅस्टिकच्या डब्या आणि त्यांतील छापील कागद अडगळ समजून टाकून दिले. मला मोठी धन्यता वाटली. पंधरा दिवसांनी वडिलांनी अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकावयास मागितला. मी संगणक उघडला. तो पडद्यावर 'अज्ञात कलावंत', 'अज्ञात संग्रह', 'ट्रॅक १', 'ट्रॅक २' अशा शेकडो ओळी उभ्या! अर्धा तास मी एकेक फाइल उघडून पाहिली. मारवा काही हाती लागला नाही. वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, तू गाणी ठेवलीस, पण गवई घालवलेस."

'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' अशी आपल्याकडे म्हण आहे. माझी गत तिच्या नेमकी उलट झाली होती. हाती शुद्ध सोने होते, पण त्याला नावच नव्हते.

असे का झाले, हे पुढे समजून घेतले. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० साली सीडीचे जे मानक ठरविले, त्यात गाण्यांची संख्या आणि प्रत्येकाचा काळ नोंदविण्याची सोय होती. गाण्याचे वा गायकाचे नाव लिहिण्याची नव्हती. १९८२ साली जपानात पहिल्या सीडी बाजारात आल्या तेव्हा नावे वेष्टणावर छापलेली असत, आणि ऐकणाऱ्याला तेवढे पुरे होते. चकतीवरच नावे लिहिण्याची युक्ती १९९६ साली निघाली खरी, पण ती फारच थोड्या सीडींत वापरली गेली. म्हणून आपण संगणकात सीडी घालतो, तेव्हा त्याला तिच्यातील गाणी वाचता येतात, पण ती कोणाची हे कळत नाही. तो गाण्यांची संख्या आणि लांबी मोजतो, ते माप इंटरनेटवरील एखाद्या सार्वजनिक सूचीला पाठवितो, आणि जगातील कोणा अनोळखी माणसाने त्या मापापुढे जे लिहून ठेवले असेल ते आपल्याला आणून दाखवितो. माझ्या संगणकाला त्या दिवसांत इंटरनेट जोडलेले नव्हते. म्हणून माझे सर्व कलावंत अज्ञात राहिले.

यापेक्षा आपले पूर्वज अधिक शहाणे होते, असे म्हणावे लागते. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर मुद्रित झाले. हिंदुस्थानातील ध्वनिमुद्रणाचा तो अगदी आरंभीचा काळ. त्या तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात. गाणे संपताच गौहर जान स्वच्छ इंग्रजीत आपले नाव उच्चारीत. दूरदेशीच्या कारागिरांना, ही तबकडी कोणाची, हे कळावे म्हणून ही रीत पडली, असा त्याचा उलगडा केला जातो. तबकडीत अवघी तीन-साडेतीन मिनिटे मिळत; त्यांतील काही क्षण नावासाठी राखून ठेवलेले असत. कागद फाटला, वेष्टण हरवले, तरी आवाजाबरोबर नाव आजही ऐकू येते. आपल्याजवळ तासच्या तास साठविण्याची सोय असून आपण दोन शब्द लिहिण्याचा कंटाळा करतो.

आता ज्यांना हे काम आरंभावयाचे आहे, त्यांच्यासाठी त्याची रीत सांगतो. संगणकाला सीडीची जागा नसेल, तर यूएसबीच्या तारेने जोडावयाचे लहानसे वाचनयंत्र बाजारात मिळते. सीडी मऊ फडक्याने पुसावी. मात्र गोल गोल पुसू नये, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसावी. अनेकांस ठाऊक नसते की, सीडीची चकाकणाऱ्या बाजूपेक्षा छापील बाजूच अधिक नाजूक असते. ज्या थरात गाणे कोरलेले असते, तो छपाईच्या लगेच खाली असतो. तेव्हा त्या बाजूवर बॉलपेनने काही लिहिणे म्हणजे गाण्यावरच ओरखडा ओढणे होय.

उतरविताना घाई करू नये. सीडी वाजविणारे यंत्र जेथे अक्षर वाचता येत नाही, तेथे मागचे-पुढचे पाहून अदमासाने जागा भरून काढते आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही. ऐकताना ते चालते. जतन करताना चालत नाही. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' सारखे विनामूल्य प्रोग्राम आहेत. ते शंका येईल ती जागा पुन्हा पुन्हा वाचतात आणि आपले वाचन इतरांनी केलेल्या वाचनाशी ताडूनही पाहतात. दोन्ही जुळली, तर आपली प्रत निर्दोष समजावी.

फाइल कोणत्या प्रकारची करावी, हा पुढचा प्रश्न. सीडीमध्ये प्रत्येक सेकंदाला ध्वनीची ४४,१०० मापे घेतलेली असतात. त्यामुळे एका मिनिटाच्या गाण्याला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागते. ही जागा कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. एमपीथ्री हा मार्ग म्हणजे तुम्ही मराठीच्या तासाला करता ते सारांशलेखन होय. मोठ्या आवाजाच्या शेजारी जो बारीक आवाज कानाला जाणवणार नाही असे गणिताने ठरते, तो ही पद्धत गाळून टाकते. सारांश चांगला उतरू शकतो. पण सारांशावरून मूळ उतारा पुन्हा लिहिता येत नाही. फ्लॅक हा दुसरा मार्ग म्हणजे नऊवारी लुगड्याची घडी. घडी घातल्याने लुगडे ट्रंकेत मावते, आणि उलगडले की त्यातील एक धागाही कमी झालेला नसतो. फ्लॅकला सीडीच्या जवळजवळ अर्धी जागा लागते. आमच्या १६८ सीडी आता साठ गीगाबाइटच्या आत बसल्या आहेत, आणि तेवढी जागा आज खिशातल्या काडीतही मिळते. सीडी पुन्हा वाचावयास मिळेलच असा भरवसा नसल्यामुळे, मूळ प्रत फ्लॅकमध्येच करावी असे माझे स्पष्ट मत आहे. मोबाइलसाठी सारांश हवा असेल, तर तो तिच्यावरून केव्हाही करता येतो. शिवाय आपल्या संगीतात आणखी एक अडचण आहे. विलंबित ख्याल आणि द्रुत चीज या पुष्कळदा दोन वेगळ्या भागांत मुद्रित असतात, आणि तानपुरा मात्र अखंड चालू असतो. एमपीथ्रीत अशा सांध्यावर क्षणभर खंड पडू शकतो आणि तो फार खटकतो. फ्लॅकमध्ये सांधा जसाच्या तसा राहतो.

एवढे झाले की यंत्राचे काम संपते, आणि माणसाचे सुरू होते.

सार्वजनिक सूचीने आणून दिलेली नावे डोळे मिटून स्वीकारू नयेत. या सूच्या प्रामुख्याने पाश्चात्य संगीताच्या सोयीने घडल्या आहेत. तेथे एक कलावंत, एक संग्रह, एक गाणे, असा हिशेब असतो. राग, ताल, साथीदार यांना मुळात ठरलेला रकाना नाही. त्यातच रोमन लिपीचा घोळ. 'भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' आणि 'पं. भीमसेन जोशी' हे संगणकाच्या लेखी तीन निरनिराळे गृहस्थ असतात. आडनावाप्रमाणे यादी लावण्याची पाश्चात्य रीत लावली, तर आणखीच गंमत होते. बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व आणि कुमार गंधर्व हे चौघे एकाच घरातील बंधू म्हणून ओळीने बसतात! वास्तविक ते अनुक्रमे नारायण श्रीपाद राजहंस, रामचंद्र कुंदगोळकर, सौदागर गोरे आणि शिवपुत्र कोमकळी; 'गंधर्व' ही त्यांच्या गुणांना मिळालेली पदवी आहे, कुळाचे नाव नव्हे. हे संगणकाला ठाऊक नाही. मराठी घरातल्या मुलाला ठाऊक असले पाहिजे.

म्हणून नियम आपणच ठरवावेत आणि ते थोडके असावेत. नावे देवनागरीत लिहावीत. फ्लॅक फाइलीच्या पोटातील रकान्यांत देवनागरी उत्तम चालते. एका व्यक्तीचे नाव सर्वत्र एकाच रीतीने लिहावे, आणि पंडित, उस्ताद, बुवा या आदरार्थी पदव्या यादीत नावाआधी घालू नयेत. त्यांनी आदर वाढत नाही, शोध मात्र अवघड होतो. गायकाच्या नावाचा एक फोल्डर, त्यात प्रत्येक सीडीचा वर्षासह एक, आणि आत ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक घालून राग व प्रकार लिहावा. एकअंकी क्रमांक घातल्यास काही ठिकाणी दहावे गाणे दुसऱ्याच्या आधी येऊन बसते. वर्षाचे महत्त्व विशेष आहे. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ चे, आणि त्याच नावाचा चित्रपट २०१५ चा. वर्ष लिहिले नाही, तर वसंतराव देशपांडे यांचे गाणे आणि त्यांच्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने झालेले गाणे एकाच पिशवीत पडते. नाट्यपदाच्या बाबतीत गायकाबरोबर पदकर्ता आणि संगीतकार यांचीही नोंद हवी.

साथीदारांना तर कधीच विसरू नये. आपल्या शेजारच्या देवासला १९४८ पासून राहिलेल्या कुमार गंधर्वांचे गाणे वसंतराव आचरेकरांच्या तबल्याशिवाय आठवून पाहा! मोबाइलच्या पडद्यावर मात्र बहुधा एकच नाव दिसते. जो मनुष्य तासभर ठेका धरून बसला, ज्याने मागे तानपुरा छेडला, त्याचे नाव छापील कागदावर असते. तो कागद मी टाकून दिला होता. तुम्ही टाकू नका. त्याचे मोबाइलने स्वच्छ छायाचित्र काढून ते त्याच फोल्डरमध्ये ठेवा. वडिलांनी सीडी विकत घेताना एका वहीत क्रमांक, गायक आणि राग लिहून ठेवले होते, म्हणून माझी पुष्कळशी चूक दुरुस्त झाली. त्या शंभर पानी वहीने जे केले, ते माझ्या संगणकाला करता आले नाही.

'सगळे मोबाइलवर मिळते' असे म्हणणाऱ्यांना आता उत्तर देतो. मिळते हे खरे. पण ते आपले नसते. २०२४ या एकाच वर्षी रेसो आणि विंक या दोन संगीतसेवा भारतात बंद झाल्या, आणि लोकांनी तेथे वर्षानुवर्षे लावून ठेवलेल्या आवडीच्या याद्यांना आधार उरला नाही. भाड्याच्या घरात राहण्यात कमीपणा नाही. पण देव्हारा कोणाच्या जागेत मांडावा, याचा विचार करावा. मी या सेवांच्या विरुद्ध नाही; नवे गाणे मी तेथेच ऐकतो. ज्या ठेव्यावाचून आपल्याला करमणार नाही, तो आपल्या हाती असावा, इतकेच माझे म्हणणे आहे. आणि तो हाती आहे म्हणून उदारपणे वाटीत सुटणेही योग्य नव्हे. १९५७ चा आपला स्वामित्वहक्काचा कायदा वैयक्तिक उपयोगासाठी उचित वापराची मोकळीक देतो. प्रती काढून वाटण्याची वा विकण्याची देत नाही. ज्यांनी गाइले, वाजविले आणि छापले त्यांचा हक्क आपणही पाळावा.

एक प्रत म्हणजे प्रत नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. हार्ड डिस्क कधी बंद पडेल, ते ती आधी सांगत नाही. तीन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी, मामाकडे किंवा आत्याकडे असावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. त्या १६८ सीडींत एक सीडी बाजारातील नव्हती. माझ्या आजीच्या भजनी मंडळाचे गाणे १९९० च्या सुमारास कोणी घरीच कॅसेटवर घेतले होते. पुढे एका दुकानदाराकडून त्याची सीडी करून घेतली. वर फक्त 'भजन' एवढेच लिहिले होते. घरी वा दुकानात भरलेली सीडी कारखान्यातील सीडीसारखी टिकत नाही. तिच्यात रंगद्रव्याचा थर असतो आणि उन्हाने, उष्णतेने तो बिघडतो. २०१९ साली ती सीडी कोणत्याच यंत्रात वाचता येईना. २०११ मध्ये मी केलेली निकृष्ट प्रत तेवढी उरली होती. म्हणून सांगतो, वाईट प्रतसुद्धा न केल्यापेक्षा बरी. आणि आरंभ करावयाचा तो घरच्या सीडीपासून करावा. भीमसेनांचे गाणे उद्या दुसरीकडे मिळेल. आजीचे मिळणार नाही.

त्या भजनांत नऊ बायकांचे आवाज आहेत. आजीचा मी ओळखतो. मी ती सीडी उतरवीत होतो तेव्हा आजी शेजारच्या खोलीत गहू निवडीत बसली होती. मी हाक मारली असती, तर पाच मिनिटांत तिने नऊही नावे सांगितली असती, कोण कोठून आली, कोणाचा गळा कसा, तेही सांगितले असते. मी विचारले नाही. मला पुढची सीडी घालावयाची घाई होती. २०१४ साली आजी गेली. पुढे गल्लीतील एका वृद्ध काकूंना मी ते भजन ऐकविले. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि आवाजावरून पाच नावे सांगितली. उरलेल्या तिघी माझ्या फाइलीत अजून अज्ञात कलावंत आहेत.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात सोडली. त्यांतील सुवर्णतबकडीवर गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ज्यांनी ती तबकडी पाठविली, त्यांनी तिच्याबरोबर वाजविण्याची सुई दिली, आणि ती कशी वाजवावी हे वेष्टणावर चित्रांनी कोरून ठेवले. ऐकणारा कोण असेल, किती लाख वर्षांनी असेल, हे कोणासही ठाऊक नाही. तरी त्याला हे काय आहे ते कळावे, एवढी काळजी त्यांनी घेतली. आपला ऐकणारा इतका दूरचा नाही. तो आपलाच नातू असेल. त्याच्यासाठी चार अक्षरे लिहिण्याचे कष्ट आपण घेणार की नाही?

मित्रहो, येत्या सुटीत शंभर सीडींचा संकल्प सोडू नका. माझ्यासारखा कारखाना होईल. रोज एकच सीडी घ्या. ती चालू असताना घरातील वडीलधाऱ्या माणसाला जवळ बसवा, आणि विचारा: हा आवाज कोणाचा? हा राग कोणता? ही सीडी कोठून आणली, तेव्हा आपण कोठे राहत होतो? ते सांगतील ते लिहून घ्या. यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल. सांगणारे माणूस तोवर आपल्यात असेलच, असे गृहीत धरू नका.